आयर्लंडच्या इतिहासावरचे पिच्चर कितपत खरे धरायचे? सेमिनार आहे, मदत करा

अंबाजोगाईचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी एमए इतिहास दुसऱ्या वर्षाला हाय. आमच्याकडं 'चित्रपट आणि इतिहास' असा सेमिनार लावलाय. पानिपत, संभाजी महाराज, भगतसिंग हे विषय पोरांनी पहिल्या पाच मिनिटात वाटून घेतले, माझी एसटी लेट झाली, मी पोचलो तवर माझ्या वाट्याला 'परदेशातला कोणताही एक' एवढंच उरलं होतं. मग रूमवरच्या दोस्तानं सांगितलं म्हणून १९९६ चा 'मायकेल कॉलिन्स' बघितला. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी लढलेल्या पुढाऱ्यावरचा, नील जॉर्डनचा हाय, हिरो लियाम नीसन. खरं सांगतो, मला वाटलं हे मारधाडवालं काम असल, टाइमपास होईल, पण डोक्यात बसला पिच्चर, दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

त्यात डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानाचा सीन हाय. मॅच चालू, लोकं लेकराबाळांसगट बसलेली, अन् मधीच एक चिलखती गाडी सरळ मैदानात घुसती अन् तिच्यावरची मशीनगन खेळाडूंवर अन् पब्लिकवर फिरती. अंगावर काटा आला राव. डोळ्यात पाणी आलं म्हणलं तरी चालंल. मग लिहायला बसलो अन् वाचलं तर कळलं की गाडी मैदानात घुसलीच नव्हती! २१ नोव्हेंबर १९२० ला गोळीबार झाला हे खरं, १४ जण मेले हे पण खरं, पण गोळ्या झाडल्या त्या पायी आत शिरलेल्या पोलिसांनी. आता मला फसवल्यासारखं वाटायलंय. चौदा माणसं कमी पडली का, वरून गाडी कशाला घुसवायची? इंग्रजांना अजून वाईट दाखवायचं म्हणून का?

तर विचारायचं असं की असल्या पिच्चरमधी डायरेक्टरनं बाजू कुठं घेतली ते ओळखायचं कसं, अन् आयर्लंडवरचे दुसरे कोणते बघू? सरांना वाटू नये की पोरानं कुठून तरी उतरवून आणलंय. गुरुवारपर्यंत सांगा कुणीतरी.

नांदेडी_खमंग

भावा पिच्चर हाय तो, सातबारा नाही. पिच्चरवाल्याला तिकिटं विकायची असतात. तू रडलास ना, मग पैसे वसूल. उगी डोक्याला ताप करून घ्यायलास. आपल्याकडं एका आरोळीवर दोनशे माणसं हवेत उडतेत तवा कुणी विचारतं का पुरावा कुठंय म्हणून?

रिटायर_मास्तर_लातूर

खमंगराव, सातबाऱ्यात तरी कुठं सगळं खरं असतं, ते जाऊ द्या.

बाळा, तुझा प्रश्न चांगला आहे पण तू चुकीच्या जागी चिडलायस असं मला वाटतं. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातून माझं एक साधं मत झालंय. पिच्चरवाले दोन तऱ्हेचं खोटं बोलतात. एक असतं वेळ वाचवायचं खोटं, दोन तासात सहा वर्षं बसवायची म्हणून. दुसरं असतं दोष सरकवायचं खोटं, म्हणजे केलं एकानं आणि डाग पडला दुसऱ्यावर. पहिलं माफ करावं, दुसऱ्यावर पेन्सिलीनं खूण करावी. 'मायकेल कॉलिन्स'मध्ये दोन्ही भरपूर आहेत.

नेड ब्रॉय बघ. पोलिसात राहून कॉलिन्सला खबरा देणारा माणूस, पिच्चरमध्ये त्याला इंग्रज मारून टाकतात. प्रत्यक्षात हा गृहस्थ १९७२ पर्यंत जगला, आणि १९३३ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या पोलिसांचा प्रमुख झाला! तसंच हॅरी बोलंड, कॉलिन्सचा जिवलग, पुढं इंग्रजांशी झालेल्या तहावरून विरुद्ध गटात गेलेला. पिच्चरमध्ये तो डब्लिनच्या भुयारी नाल्यांतून पळताना मरतो, खरं तर त्याला स्केरीज नावाच्या गावातल्या हॉटेलात गोळी लागली आणि तो दवाखान्यात वारला. यानं कुणाचं काही बिघडलं नाही. ब्रॉय मेला की प्रेक्षकाला कळतं, खबऱ्याचं काम म्हणजे रोज मरण उशाला. चार ओळखीची माणसं एका पात्रात कोंबणं हे तमाशातल्या वगापासून चालत आलंय.

पण डी व्हॅलेराचं, म्हणजे तहाविरुद्धच्या गटाच्या पुढाऱ्याचं, तसं नाही. २२ ऑगस्ट १९२२ ला कॉर्क जिल्ह्यात बेल ना ब्लाह इथं दबा धरून कॉलिन्सला मारलं, वय अवघं ३१. डी व्हॅलेरा त्या सुमारास त्या भागात होता हे खरं, पण त्यानं हल्ला करवला असा पुरावा नाही, बहुतेक इतिहासकार तसं मानतही नाहीत. पिच्चर काय करतो? सरळ आरोप करत नाही. त्याला तिथं अंधारात उभा करतो, एक पोरगा निरोप घेऊन ये-जा करतो, पुढचं तुम्ही समजून घ्या. पारावर बसून एखाद्याचं नाव न घेता गावभर बदनामी करतात ना, अगदी तसं. इथं खूण कर. खूण करताना हेही लिही की डी व्हॅलेरानं पुढं कैक वर्षं देश चालवला, १९३७ ची राज्यघटना त्याच्या काळातली, राष्ट्राध्यक्षपदावरून उतरला तेव्हा ९० वर्षांचा होता. इतकी वर्षं राज्य ज्याचं, आठवण त्याचीच जास्त. कॉलिन्स मागं पडला होता. पिच्चरनं ते उट्टं काढलं, आणि काढताना वजन जरा जास्तच टाकलं.

राहिली तुझी चिलखती गाडी. ती होती. मैदानाबाहेर रस्त्यावर होती आणि तिच्यातूनही गोळ्या सुटल्या, पण लोकांच्या डोक्यावरून. आता जालियनवाला बाग आठव, १३ एप्रिल १९१९. डायरनंही मशीनगन लावलेल्या दोन चिलखती गाड्या नेल्या होत्या, बोळ अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या. पुढं चौकशीत त्यानं कबूल केलं की आत नेता आल्या असत्या तर बहुतेक वापरल्या असत्या. म्हणजे एकीकडं गाडी बोळात अडकली, दुसरीकडं पिच्चरवाल्यानं ती आत घुसवली. तुझा सेमिनार या दोन गाड्यांवरच होतो बघ.

बीडची_लेक

मास्तर तुमची कमेंट वाचून राहवलं नाही. मी बीडची, सध्या कॉर्कला नर्स आहे, चार वर्षं झाली. डायरचं नाव काढलंत म्हणून सांगते, तो शिकला कुठं माहितीय का, मिडल्टनला! माझ्या इथून थोडंच लांब, व्हिस्कीच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध गाव. अन् त्यावेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर, ज्याला उधमसिंगांनी १९४० ला लंडनमधे मारलं, तो तर टिपररीचा शेतकऱ्याच्या घरचा आयरिश माणूस. मी हे वॉर्डातल्या एका आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले असली माणसं आम्ही पिच्चरमधे घेत नाही. हसत म्हणाले, पण खरं बोलले.

@अंबाजोगाईचा_पोरगा भाऊ, बाजू कुठं घेतली ते पिच्चरमधे कोण नाही त्यावरनं ओळखायचं. आयर्लंडच्या पिच्चरमधे पोलीस म्हणजे इंग्रज, असंच वाटतं बघताना. पण तिथल्या जुन्या पोलीस दलात, आरआयसीमधे, बहुतांश आयरिश कॅथलिक पोरंच होती, गावातली, पगारासाठी भरती झालेली. आयआरएनं, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आयरिश सेनेनं, पहिल्यांदा मारले ते हेच. ब्लॅक अँड टॅन्स नंतर १९२० ला आले, बहुतेक इंग्लंडमधनं भरलेले माजी सैनिक, गणवेश पुरला नाही म्हणून खाकी पॅंट अन् गडद कोट, त्यावरनं ते नाव. शेजाऱ्याच्या पोरानं शेजाऱ्याच्या पोराला गोळी घातली हे दाखवायला अवघड जातं, परक्यानं घातली की सोपं.

'द विंड दॅट शेक्स द बार्ली' बघ नक्की. २००६ चा, केन लोचचा, कान फिल्म फेस्टिव्हलला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालेला. हिरो सिलियन मर्फी, तो इथलाच कॉर्कचा. सुरवातीलाच एक पोरगा आपलं नाव इंग्रजीत सांगत नाही, आयरिशमधेच सांगतो म्हणून मरतो. मी तो सीन बघताना मला आमच्या आजोबांची आठवण आली, ते सांगायचे निजामाच्या शाळेत सगळं उर्दूत, मराठी घरी चोरून शिकायची. पण असो. त्यात पुढं दोन सख्खे भाऊ तहावरनं फुटतात अन् एक भाऊ दुसऱ्याला गोळ्या घालायचा हुकूम देतो. ही माणसं काल्पनिक आहेत पण गोष्ट खोटी नाही, तहावरनं पेटलेल्या यादवी युद्धात नव्या सरकारनं ७७ च्या वर आपल्याच माणसांना मृत्युदंड दिला. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात त्यांच्या घरात आजा अन् चुलत आजा मरेपर्यंत बोलले नाहीत, जेवायला बसायचे एका टेबलावर, मीठ मागायचं तर पोरांकरवी.

रात्रपाळी आहे, बाकीचं नंतर लिहिते.

तटस्थ_माणूस

लोचचा पिच्चर एकतर्फी नाही म्हणता का तुम्ही ताई? त्यात एक इंग्रज सैनिक धड दाखवलेला नाही, सगळे ओरडतात, मारतात, नखं उपसतात. तिकडच्या पेपरवाल्यांनी त्याला झोडपला होता तो उगाच नाही. अन् एप्रिल १९२२ ला त्याच पश्चिम कॉर्कमध्ये डनमॅनवेच्या आसपास १३ प्रोटेस्टंट लोकांना मारलं, ते कुठंय पिच्चरमध्ये? इतिहासकार अजून भांडतायत की ते खबरे म्हणून मारले का धर्म बघून. म्हणजे तुमच्याच मापानं मोजलं, 'कोण नाही' बघितलं, तर लोच पण नापास.

बीडची_लेक

@तटस्थ_माणूस नापास की. मी कुठं पास म्हणलं? पण पेपरवाल्यांचं म्हणाल तर काहींनी तो न बघताच झोडपला होता, तसं त्यांनीच छापलं. अन् नखं उपसायचं म्हणाल तर तसले प्रकार झालेत, डिसेंबर १९२० ला कॉर्क शहराचा मधला भाग जाळला तो याच सरकारी माणसांनी, महापालिकेची इमारत अन् लायब्ररी खाक झाली. बाजू घेतलीय हे खरं, रचून सांगितलंय हे खोटं. दोन्ही एकदम असू शकतं ना.

नांदेडी_खमंग

मास्तर एक शंका. मग 'इन द नेम ऑफ द फादर' कशात बसतो? तो मी बघितलाय, इंजिनिअरिंगला होस्टेलवर. बाप अन् पोरगा एकाच कोठडीत असतेत, बाप तिथंच खंगून मरतो. बेक्कार रडलतो. आता म्हणू नका ते पण खोटंय.

रिटायर_मास्तर_लातूर

खमंगराव, सॉरी. एका कोठडीत नव्हते ते.

१९९३ चा पिच्चर, जिम शेरिडनचा. ऑक्टोबर १९७४ ला इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या पबमध्ये बाँब फुटले, ५ माणसं गेली, पोलिसांनी जेरी कॉन्लन आणि तिघांना मारून-धमकावून कबुली लिहून घेतली, जन्मठेप. वडील जुसेप्पे वकिलाच्या कामासाठी पोराकडं आले तर त्यांनाही दुसऱ्या खटल्यात गुंतवलं, ते १९८० ला कैदेतच वारले. जेरी १९८९ ला निर्दोष सुटला. पिच्चरनं दोन वेगळे खटले एक केले, बापलेक एका कोठडीत टाकले आणि जी वकीलबाई प्रत्यक्षात कागदपत्रं तयार करणारी सॉलिसिटर होती तिला कोर्टात उभं करून भाषण करायला लावलं. ब्रिटिश पेपरांनी मग याच चुकांवर बोट ठेवून ओरड केली, आणि ओरडीत मूळ मुद्दा बुडाला की निरपराध माणसं पंधरा वर्षं आत होती. म्हणून सांगतो, वेळ वाचवायचं खोटंही फुकट मिळत नाही. ज्याला मूळ गोष्ट नकोच आहे त्याच्या हातात आयतं कोलीत जातं.

क्रोक पार्कच्या बाबतीत तेच झालं. गाडी आत घुसवली, आणि ज्यांना चौदा माणसांवर बोलायचं नव्हतं त्यांना गाडीवर बोलायला मिळालं. मेलेल्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता, दहा, अकरा आणि चौदा वर्षांची तीन पोरं होती, काही दिवसांवर लग्न आलेली एक मुलगी होती. गोळीबार चालला दीडेक मिनिट. लष्करी चौकशी बंद दाराआड झाली आणि तिचे कागद कैक दशकं कुणाला दिसले नाहीत. आणि त्याच सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी घराघरांत शिरून ब्रिटिश अधिकारी मारले, काहीजण तर अंथरुणातच, त्यातले काही हेर नव्हतेच. ही सकाळ पिच्चर दाखवतो, लपवत नाही, याचं श्रेय द्यायला पाहिजे.

अजून एक. कॉलिन्समध्ये बेलफास्टहून आलेला पोलीस अधिकारी गाडीत बसतो आणि गाडी बाँबनं उडते. १९२० च्या डब्लिनमध्ये तसले कारबाँब नव्हते, ती १९७० नंतरची गोष्ट. आणि पिच्चर आला कधी, तर फेब्रुवारी ९६ ला आयआरएनं शस्त्रसंधी मोडून लंडनला बाँब उडवला त्याच वर्षी. लोक बिथरणारच. पोरा, पिच्चर ज्या काळावर आहे तो एक काळ आणि ज्या काळात काढलाय तो दुसरा, हे दोन्ही लिही.

किनवटचा_माणूस

उशिरा आलो. आयर्लंडमधलं मला काय कळत नाही पण मास्तरांनी दोष सरकवायचं म्हणलं म्हणून सांगायलो. 'आरआरआर' सगळ्यांनी बघितला ना? त्यातला भीम म्हणजे कोमराम भीम, गोंडांचा पुढारी, आदिलाबादकडचा, आमच्या किनवटपासून जंगल जंगल गेलं की तोच मुलूख. तो लढला कुणाशी? निजामाच्या सरकारशी! जंगलासाठी, जमिनीसाठी, १९४० ला जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी मारलं. पिच्चरमधी तो दिल्लीत जाऊन इंग्रज गव्हर्नरशी लढतो अन् निजामाचा माणूस येतो तो इंग्रजांना शहाणपण सांगायला. कुणी काय बोललं का? गाणं वाजलं अन् सगळे नाचले. आमच्या इकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे बघून काय वाटलं असल. डी व्हॅलेराला तिथं उभा केला तर ओरड, इथं अख्खा निजाम गायब केला तरी शिट्ट्या.

आणखीन एक गंमत, त्यातला गव्हर्नर झालेला रे स्टीव्हन्सन हा जन्मानं उत्तर आयर्लंडचा अन् त्याची बायको झालेली बाई डब्लिनची. म्हणजे आपला इंग्रज व्हिलन पण आयरिशच निघाला, ओडवायरसारखाच.

नांदेडी_खमंग

आरं बाप. हे माहीत नव्हतं. आरोळीचा शब्द मागं घेतो.

अंबाजोगाईचा_पोरगा

लई उपकार झाले सगळ्यांचे. मास्तर, ताई, किनवटचे दादा. रात्री लोचचा पिच्चर बघून टाकला, भाऊ भावाला मारतो तिथं लॅपटॉप बंद करून खाली चहा प्यायला गेलो. आमच्या घरी पण रझाकारीच्या गोष्टी असतेत, आजी सांगती तवा गावातल्या एका मुसलमान घरानं आमच्या माणसांना धान्याच्या कणगीमागं लपवलं होतं, अन् पोलीस ॲक्शन झाल्यावर तेच घर गाव सोडून गेलं. कामून गेलं ते आजी सांगत नाही. विषय बदलती. आता मला ते लोचच्या पिच्चरमधल्या डनमॅनवेसारखं वाटायलंय, म्हणजे नसलेल्या सीनसारखं. हे सेमिनारमधी बोलू का नको? बोललो तर भांडण होईल का?

रिटायर_मास्तर_लातूर

होईल. तरी बोल, पण आजीचं नाव-गाव घालू नको, आणि आधी आजीला विचार. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेची चौकशी केलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल कैक वर्षं बाहेर आला नव्हता, तुझी आजी गप्प बसली तर तिचं काय चुकलं.

आणि यादवी युद्धावर लिहिताना एक चूक टाळ, ती पिच्चर बघून सगळेच करतात. लोकांना वाटतं की उत्तरेचे सहा जिल्हे तुटले म्हणून आयरिश आपसात लढले. तहावरच्या चर्चेत मुख्य भांडण झालं ते राजाशी निष्ठेच्या शपथेवरून. जानेवारी १९२२ ला ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर झाला, सात मतं फक्त. कॉलिन्सच्या पिच्चरमध्ये लंडनच्या वाटाघाटी दाखवल्याच नाहीत, माणूस जातो आणि कागद घेऊन परत येतो, त्यामुळं प्रेक्षकाला कळतच नाही की त्यानं काय मिळवलं आणि काय सोडलं.

तटस्थ_माणूस

हे बरोबर. आणि २००२ चा 'ब्लडी संडे' घाल रे पोरा, उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा, ३० जानेवारी १९७२. सैन्यानं मोर्चावर गोळ्या झाडल्या, १३ जागीच अन् एक नंतर गेला. मी सगळ्या पिच्चरवर टीका करतो पण तो नीट आहे. आला तेव्हा सरकारी चौकशी चालूच होती, २०१० ला निकाल आला की मेलेल्यांपासून सैनिकांना धोका नव्हता, पंतप्रधानानं संसदेत माफी मागितली. पिच्चर आठ वर्षं आधी तेच म्हणत होता.

बीडची_लेक

पाळी संपली, आत्ता बघितलं. @अंबाजोगाईचा_पोरगा मी मागच्या उन्हाळ्यात बेल ना ब्लाहला गेले होते, रस्त्याच्या कडेला दगडी क्रॉस आहे, बाकी हिरवी झुडपं अन् गाई. फोटो पाठवते, स्लाईडला लाव. जागा इतकी साधी आहे की गाडी थांबवली तरी आधी पटत नाही. तिथं एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांना विचारलं पिच्चरमधे दाखवलं तसंच झालं का हो, तर म्हणाले नाही, पण माझी नातवंडं आता तसंच झालं म्हणतात.

अंबाजोगाईचा_पोरगा

पाठवा ताई. सेमिनार शुक्रवारी ठरलाय, प्रोजेक्टर बंद हाय म्हणायलेत, फोटो फोनवरच दाखवीन. पहिली स्लाईड दोन गाड्या, दुसरी कोमराम भीम. आजीला विचारलं, ती म्हणली बोल, पण कणगीचं सांग, पुढचं मी बघते.

किनवटचा_माणूस

शाब्बास. भीमच्या स्लाईडला जोडेघाट नीट लिही, लोक जोडघाट लिहितेत.